"मनात काही नव्हतं" याला चौकशीत किती किंमत असते?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला आलेल्या एका गृहस्थांनी तो विचारलाय. टीमची ऑनलाइन मीटिंग चालू होती. माइक बंद आहे असं समजून ते शेजारी बसलेल्या मराठी सहकाऱ्याला म्हणाले, "आज तो काळ्या कुठे दिसत नाही?" 'तो' म्हणजे नायजेरियन वंशाचा, लंडनमध्येच जन्मलेला सहकारी. त्याला मराठी येत नाही आणि तो त्या दिवशी मीटिंगमध्ये नव्हताही. मीटिंगमधल्या एका गुजराती मुलीला मात्र शब्द कळला आणि तिने तो नंतर त्याच्या कानावर घातला. आता लेखी तक्रार झालीय आणि एचआरचं चौकशीचं पत्र आलंय. ते लिहितात, "माझ्या सख्ख्या भावाला घरात सगळे काळ्याच म्हणतात. मनात काही वाईट नव्हतं. मग हेतू आणि संदर्भ याला काही अर्थ आहे की नाही?"

आहे. पण तुम्ही तो ज्या ठिकाणी पुढे करायच्या तयारीत आहात तिथे त्याचा उपयोग कमी आणि तोटा जास्त.

मी गेली एकोणीस वर्षं इथल्या कंपन्यांसाठी अशा तक्रारींची चौकशी करते. त्याआधी सहा वर्षं युनियनची प्रतिनिधी म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या शेजारी बसायचे. "मनात काही नव्हतं" हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. मनात विष घेऊन बोलणारे मला फार थोडे भेटले. गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकाच श्वासात विचारल्यामुळे. जे घडलं ते अपमानास्पद होतं का, हा एक. ज्याच्याकडून घडलं त्याचं पुढे काय करायचं, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात हेतूला भरपूर वजन आहे. पहिल्यात त्याच्यावाचून काही अडत नाही.

इथला कायदाच तसा लिहिलाय. २०१०च्या इक्वालिटी ॲक्टच्या कलम २६मध्ये छळाच्या व्याख्येत 'उद्देश किंवा परिणाम' असे शब्द आहेत. त्या 'किंवा'वर सगळं उभं आहे. समोरच्याच्या प्रतिष्ठेला धक्का देण्याचा उद्देश असेल तर प्रश्नच मिटला. उद्देश नसेल पण परिणाम तसा झाला असेल, तरी कलम लागू शकतं. मात्र परिणाम झाला की नाही हे ठरवताना तीन गोष्टी पाहाव्याच लागतात: ज्याला लागलं त्याला काय वाटलं, बाकीची परिस्थिती काय होती, आणि त्या बोलण्याचा तसा परिणाम होणं वाजवी होतं का. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट म्हणजेच तुमचा 'संदर्भ'. तेव्हा "इथे काय, कोणी म्हटलं मला लागलं की संपलं" ही आपल्या मंडळींमधली समजूत चुकीची आहे.

एक खटला सांगते, आपल्याकडच्या लोकांना तो चटकन कळतो. रिचमंड फार्माकॉलॉजी या कंपनीविरुद्धचा, अपिलाचा निकाल २००९चा. भारतीय वंशाची एक कर्मचारी राजीनामा देऊन नोटिशीचा काळ भरत होती. तिच्याशी बोलताना वरिष्ठ म्हणाले की या क्षेत्रात आपली पुढे गाठ पडेलच, तुझं भारतात लग्न लावून दिलं नाही म्हणजे. बस, एवढंच. आवाज चढवलेला नाही, शिवी नाही. पण त्या वाक्यात 'भारतीय मुलगी म्हणजे घरचे धरून लग्न लावणार' हे गृहीत होतं आणि ते तिच्या वंशावरूनच आलं होतं. न्यायाधिकरणाने तो छळ ठरवला आणि अपिलातही ते टिकलं. भरपाई मिळाली ती १,००० पौंड. याच निकालात अपील न्यायाधिकरणाने असंही बजावलंय की प्रत्येक कुशब्दाने प्रतिष्ठेला धक्का बसतो असं नाही. बोलणं किरकोळ असेल, आणि दुखवायचा हेतू नव्हता हे समोरच्याला कळायला हवं होतं अशी परिस्थिती असेल, तर नाही बसत. इथे हेतू मागच्या दाराने आत येतो. पण तो तुमच्या मनातला हेतू नव्हे. समोरच्याला त्या क्षणी तुमच्या वागण्यातून दिसायला हवा होता तो हेतू. तुमचा सहकारी तर त्या वेळी तिथे नव्हताच. त्याला तुमचा चेहरा दिसला नाही, तुमच्या भावाचं टोपणनाव माहीत नाही. त्याच्यापर्यंत पोचला तो फक्त शब्द.

"त्याला कळलंच नव्हतं" हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. बोललेलं ज्याला ठाऊकच नाही त्याच्या प्रतिष्ठेला त्या ठाऊक नसलेल्या काळात धक्का बसला असं म्हणता येत नाही, असं अपील न्यायाधिकरणाने २०२३मध्ये म्हटलंय. पण आता त्याला कळलंय. शिवाय ती गुजराती मुलगीही स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते. बोलणं तिच्या वंशाबद्दल असायलाच हवं असं कलमात कुठेही नाही.

तुमचं पत्र वाचताना मला सर्फराज अहमद आठवला. २२ जानेवारी २०१९, डर्बनचं किंग्जमीड मैदान, दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा एकदिवसीय सामना. पाकिस्तानचा हा कर्णधार आणि यष्टिरक्षक स्टंपमागून फलंदाज अँडिले फेहलुक्वायोला उद्देशून उर्दूत बोलला, सुरुवातच "अबे काले" अशी. फेहलुक्वायोला उर्दूचा गंध नाही. पण स्टंपमधल्या माइकने ते उचललं आणि उपखंडातल्या घराघरांत ऐकू गेलं. सर्फराजने माफी मागितली, आणि त्यात असंही म्हटलं की शब्द कुणा एकाला उद्देशून नव्हते आणि प्रतिस्पर्ध्यांनी ते ऐकावेत किंवा त्यांना ते कळावेत असंही मनात नव्हतं. तो फेहलुक्वायोला प्रत्यक्ष भेटला, यजमान संघाने माफ केल्याचं सांगितलं, आणि तरी आयसीसीने ४ सामन्यांची बंदी घातली. 'त्याने ऐकावं असं वाटत नव्हतं' या बचावाकडे जरा बाहेरून बघा. ऐकलं तर त्याला लागेल हे बोलणाऱ्याला माहीत होतं, असाच त्याचा अर्थ निघतो. चौकशीत तुम्ही "माइक बंद आहे असं वाटलं" हे सांगणारच, आणि खरं आहे म्हणून सांगायलाच हवं. पण तो बचाव समजू नका.

आता संदर्भाकडे येते. संदर्भ खरोखर खोलात जाऊन तपासला तर काय होतं याचा सगळ्यात चांगला नमुना फुटबॉलमध्ये आहे.

१५ ऑक्टोबर २०११ला ॲनफिल्डवर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडचा सामना होता. लिव्हरपूलकडून खेळणारा उरुग्वेचा लुइस सुआरेझ आणि युनायटेडकडून खेळणारा फ्रान्सचा कृष्णवर्णीय पॅट्रिस एव्हरा यांची गोलसमोर जुंपली. सुआरेझने स्पॅनिशमध्ये 'नेग्रो', म्हणजे काळा, हा शब्द वापरला. त्याचं म्हणणं, आमच्याकडे हा शब्द मित्रांत, घरात, सर्रास वापरतात. मी तो एकदाच आणि समजुतीच्या सुरात वापरला. म्हणजे नेमका तुमचाच मुद्दा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने तो उडवून लावला नाही. मँचेस्टर विद्यापीठातल्या लॅटिन अमेरिकेच्या दोन अभ्यासकांना बोलावलं आणि त्यांच्याकडून त्या शब्दाचा सगळा घरगुती इतिहास समजून घेतला. अभ्यासकांनी सांगितलं, हो, त्या भागात हा शब्द लाडाने वापरतात. सुआरेझ म्हणतो तसं घडलं असेल तर उरुग्वेतही कुणाला खटकणार नाही. पण एव्हरा म्हणतो तसं, म्हणजे भांडणात पुन्हा पुन्हा वापरला असेल, तर तो उरुग्वेतही अपमानच. मग आयोगाने साक्षी तपासल्या आणि भांडणाच्या दोनेक मिनिटांत शब्द सात वेळा वापरला गेला असा निष्कर्ष काढला. ८ सामने बंदी, ४०,००० पौंड दंड. निकालपत्र ११५ पानांचं आहे. सुआरेझ वंशद्वेष्टा आहे असं आपलं म्हणणं नाही, हे खुद्द एव्हराने सांगितलं होतं. नव्याने चौकशीचं काम करणाऱ्यांना मी ते निकालपत्र वाचायला लावते. संदर्भाचा बचाव घेणाऱ्याला शेवटी त्याच्याच गावच्या संदर्भाने पकडलं, ही त्यातली खरी गंमत.

नऊ वर्षांनी त्याच उरुग्वेचा एडिन्सन कवानी. नोव्हेंबर २०२०मध्ये साउदम्प्टनविरुद्ध दोन गोल केले, एका मित्राने इन्स्टाग्रामवर अभिनंदन केलं, याने उत्तर दिलं, 'ग्रासियास नेग्रितो', म्हणजे 'थँक्यू, काळ्या'. मित्राला मित्राने, स्पॅनिशमध्ये, लाडाने. चूक लक्षात आणून दिल्यावर काढून टाकलं, माफी मागितली. हेतू चांगला होता हे सगळ्यांनीच मान्य केलं. तरी ३ सामने आणि १ लाख पौंड दंड. उरुग्वेच्या भाषा अकादमीने यावर कडक निषेध नोंदवला: ज्या भाषेत शब्द उच्चारला त्या भाषेत तो काय आहे हे न कळता तुम्ही शिक्षा करताय. मला विचाराल तर अकादमीचं बरोबर होतं. अपमान झाला कुणाचा? ज्याला म्हटलं तो मित्र तर खूश होता. दोघांच्या खासगी लाडाला सार्वजनिक शिक्षा झाली. कवानीचा निकाल मला अजून पटत नाही आणि सुआरेझचा पूर्ण पटतो. सुआरेझला ८ सामने आणि कवानीला ३, यात हेतूचाही वाटा आहे, पण कवानीच्या बाबतीत तेवढ्यावर समाधान मानवत नाही.

तुम्ही या दोघांपैकी कुठे बसता? कवानीजवळ बसायची तुमची इच्छा दिसते. पण कवानी ज्याच्याशी बोलत होता तो त्या लाडात सहभागी होता. तुमचा सहकारी नव्हता. तुम्ही त्याला तोंडावर कधी 'काळ्या' म्हणालात का? पत्रावरून तरी नाही. तोंडावर नावाने हाक मारायची आणि पाठीमागे रंगाने, हा लाड कसला?

इथे तुमच्या भावाबद्दल थोडं बोलावं लागेल, रागावू नका. आपल्या घरांत काळ्या, काळू, काळी ही नावं असतात हे मला कुणी सांगायला नको. माझ्याच मावसबहिणीला लग्न होईपर्यंत काळीच म्हणायचे. विठोबाच्या काळेपणावर आपण जीव टाकतो, तेही खरं. पण त्याच घरात मुलगी बघायला जाताना 'रंगाने जरा सावळी आहे' हे आवाज खाली करून सांगतात. भावाला काळ्या म्हणतात ते घरातले बाकीचे त्याच्यापेक्षा उजळ असतात म्हणूनच ना? तो हसून ओ देतो, कारण त्याच्यापुढे दुसरा पर्याय काय होता? माझ्या मावसबहिणीने पन्नाशीत एकदा सहज सांगितलं की शाळेत जायच्या आधी ती हातावर पिठाचा हात फिरवायची. आम्ही चौघी गप्प झालो. 'आमच्याकडे प्रेमाने म्हणतात' हा संदर्भ मांडायचा असेल तर सगळाच मांडावा लागेल.

वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीचं हेच झालं. सनरायझर्स हैदराबादकडून आयपीएल खेळताना त्याला 'कालू' म्हणायचे. त्याला वाटायचं अर्थ काहीतरी ताकदवान घोडा असा आहे, आणि तोही त्या हशात सामील व्हायचा. २०२०च्या जूनमध्ये त्याला खरा अर्थ कळला आणि तो संतापला. नंतर एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून सांगितलं की ते आपुलकीने म्हणत होतो, आणि सॅमीने त्याच्यावर विश्वास ठेवला. हेतू मान्य झाला. पण कधी? आधी त्याचा राग ऐकून घेतला गेला तेव्हा.

आपण मराठी माणसं शब्दाच्या दोन्ही टोकांना उभी असतो, हे इथे येऊन विसरायला होतं. मुंबईतल्या ज्या ऑफिसांत मराठी माणसाला 'घाटी' म्हणतात तिथेही कुणाच्या मनात काही नसतंच. भूगोलाचा साधा शब्द आहे, घाटावरचा तो घाटी. गोव्यात तोच शब्द कसा फेकतात ते तिथे राहिलेल्यांना विचारा. उलट पुण्यात शिकायला आलेल्या मणिपूर-नागालँडच्या मुलांना 'चिंकी' म्हणणारेही आपणच. आणि ऑक्टोबर २००७मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे आवाज काढून चिडवलं गेलं ते कुठल्या घरगुती प्रेमात बसतं?

शब्द एका जागी थांबत नाहीत, हीही यातली अडचण. 'हबशी' म्हणजे हबशाण प्रांतातला, आजच्या इथिओपियाकडचा. मलिक अंबर हबशी होता आणि दख्खनचा कारभार चालवत होता. त्या काळी ती मुळाची ओळख होती. आज तो शब्द कुणाला उद्देशून वापरून बघा. ऑस्ट्रेलियात टूवूम्बा गावच्या मैदानात एका गोऱ्या रग्बी खेळाडूच्या नावाचा स्टँड होता, आणि त्यावर त्याचं टोपणनावही रंगवलेलं: इंग्रजीत 'एन'ने सुरू होणारा तोच शब्द. १९६०पासून होता. एका आदिवासी गृहस्थांनी हरकत घेतली. तिथलं न्यायालय म्हणालं, सगळी परिस्थिती पाहता हे नाव कुणाच्या वंशाला उद्देशून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००३मध्ये म्हटलं, पूर्वी खपलं असेल, आता तो शब्द काढा. २००८मध्ये स्टँडच पाडला गेला. महाराष्ट्र सरकारने २०२०च्या डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला तेव्हा मला टूवूम्बाच आठवलं. पत्ता सांगणाऱ्याच्या मनात काय असणार? काहीच नाही. रोज तो पत्ता अर्जावर लिहिणाऱ्याचं काय, एवढाच प्रश्न होता.

भारतातलं उदाहरण देऊन काही जण मला अडवतात: ॲट्रॉसिटीच्या कायद्यात तर 'हेतुपुरस्सर' असं स्पष्ट लिहिलंय. बरोबर आहे. तो फौजदारी कायदा आहे, माणूस तुरुंगात जाऊ शकतो, म्हणून तिथे हेतू सिद्ध व्हावा लागतो. २००८च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जातीचा शब्द अपमान करण्यासाठी वापरला का हे संदर्भावरून ठरेल. पण त्याच निकालात हेही म्हटलं की शब्दाचा मूळ अर्थ न बघता आज लोक तो कशा अर्थाने वापरतात ते बघावं. तुमची चौकशी फौजदारी नाही. तिची मोजपट्टी वेगळी.

दुसऱ्या बाजूचाही अतिरेक होतो, ते सांगितलं नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. २०२०मध्ये अमेरिकेत, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, एक प्राध्यापक संवादकौशल्य शिकवत होते. वेगवेगळ्या भाषांत लोक अडखळताना काय म्हणतात हे सांगताना त्यांनी चिनी भाषेतला 'नेगे' शब्द उच्चारला. आपण "ते आपलं… हे…" म्हणतो ना, तसा. काही विद्यार्थ्यांना तो इंग्रजी शिवीसारखा ऐकू आला, तक्रार झाली, प्राध्यापकांना तो वर्ग सोडावा लागला. नंतर विद्यापीठाच्या चौकशीत काहीही गैर आढळलं नाही. शब्द वेगळा, भाषा वेगळी, उद्देश शिकवण्याचा. ध्वनी तेवढा सारखा. इथे संदर्भ पाहायचाच नाही म्हटलं तर चौकशी कशाची करायची? पण तुमच्या 'काळ्या'चा अर्थ तोच आहे जो त्या मुलीने सांगितला. भाषांतर चुकलेलं नाही.

आता कामाचं.

पत्राबरोबर तुम्ही उत्तराचा मसुदा जोडलाय. त्यात "माझ्या बोलण्याने गैरसमज होऊन कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे" हे वाक्य आहे. ते आधी खोडा. माझ्या सुरुवातीच्या एका अहवालात मीही 'गैरसमजातून' असा शब्द लिहिला होता. तक्रारदार बाईंनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून कागद परत केला. म्हणाल्या, मला बरोबर समजलंय, समज तुमच्या माणसाची कमी पडली. तो अहवाल मी बदलला, बदलायलाच हवा होता. आणि 'असतील तर' कशाला? दुखावल्यात. लेखी तक्रार हातात आहे.

काय म्हणालात ते शब्दशः लिहा, अर्थ सौम्य करू नका. 'माय डार्क फ्रेंड' वगैरे भाषांतर करायला जाल तर त्या मुलीची साक्ष तुमच्याविरुद्ध दुप्पट होईल. घरात असं बोलायची सवय आहे हे एका वाक्यात सांगा, स्पष्टीकरण म्हणून. त्यापुढे लगेच, ती सवय ऑफिसात आणायला नको होती हेही. मेसेज, चॅट काहीही पुसू नका. कृष्णवर्णीय मित्रांची नावं साक्षीदार म्हणून देऊ नका. त्याने काहीच सिद्ध होत नाही आणि त्या मित्रांची पंचाईत होते. त्या गुजराती मुलीशी अबोला धरणं, तिला ग्रुपमधून काढणं, "आपल्यातलीच असून" असं कुणाकरवी ऐकवणं, यातलं काहीही केलंत तर कलम २७खाली सूडबुद्धीचा वेगळा मामला उभा राहील, आणि तो मूळ प्रकरणापेक्षा वाईट असेल. मी हे होताना पाहिलंय.

प्रकरण शिस्तभंगाच्या सुनावणीपर्यंत गेलं तर युनियनचा प्रतिनिधी किंवा एखादा सहकारी बरोबर न्यायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. नुसत्या चौकशीच्या बैठकीला तो कायद्याने नाही, पण बऱ्याच कंपन्या विचारल्यावर परवानगी देतात, तेव्हा विचारा. व्हिसा कंपनीच्या प्रायोजकत्वावर असेल तर आजच वकिलाशी बोलून ठेवा. हे घाबरवायला नाही. तोंडी एका शब्दाचं, पहिल्यांदा घडलेलं आणि ताबडतोब कबूल केलेलं प्रकरण मी लेखी ताकीद आणि प्रशिक्षणावर मिटलेलं अनेकदा पाहिलंय. तिथेच तुमचा हेतू, आधीची चांगली नोंद आणि आत्ताचं वागणं मोजलं जातं.

शेवटी तुम्ही विचारलंय की थेट त्याच्याकडे जाऊन माफी मागू का. चौकशी चालू असेपर्यंत नको, दबाव आणल्यासारखं दिसतं. एचआरला लिहून कळवा की त्याची इच्छा असेल तर, त्याला सोयीचं होईल तेव्हा, भेटून बोलायची तुमची तयारी आहे. तो नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाला तर भावाची गोष्ट त्याने विचारल्याशिवाय काढू नका.